मुलांमधील मेलॅनोमा : साध्यासाध्यविचाराचा इतिहास

१

लहान मुलाच्या गालावर काजळाची तीट लावण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आढळते. दृष्ट लागू नये म्हणून हे गालबोट मुद्दाम लावलेले असते. त्यामुळे मुलाच्या अंगावरील काळा ठिपका मराठी घरात सहसा भयसूचक मानला जात नाही. जन्मतः असलेल्या डागास 'लासे' म्हणावे, पुढे उमटलेल्या ठिपक्यास 'तीळ' म्हणावे, उंच झालेल्यास 'मस' किंवा 'चामखीळ' म्हणावे, इतकीच त्याची दखल घेतली जाते. सामुद्रिकाने या ठिपक्यांवर भविष्याचा मोठा डोलारा उभारला. परंतु त्याचे लक्ष ठिपका शरीराच्या कोणत्या भागी आहे याकडे असते. ठिपका बदलतो आहे की नाही, हा प्रश्न त्या शास्त्रात उपस्थित होत नाही.

आधुनिक वैद्यकाने मात्र नेमका हाच प्रश्न विचारला. त्वचेतील रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. प्रौढांमध्ये तो कसा वाढतो, किती खोल गेला म्हणजे किती धोका असतो, याविषयीची गणिते गेल्या शतकात बऱ्याच अंशी स्थिर झाली. मुलांच्या व कुमारांच्या बाबतीत मात्र ही गणिते वारंवार चुकली. त्या चुकांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, पुष्कळ वेळा चुकीचे मूळ मोजणीपेक्षा नावात होते. ज्या नावाने रोग ओळखला जाई, त्याच नावात त्याच्या शेवटाचे भाकीत अगोदर बसवून ठेवलेले असे. आणि ते भाकीत प्रौढांच्या अनुभवावरून केलेले असे. हा इतिहास पॅरिस, न्यूयॉर्क व मुंबई अशा तीन ठिकाणांहून तपासण्याजोगा आहे; परंतु त्यापूर्वी भारतीय वैद्यकाच्या परिभाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल.

२

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांची गणना केलेली आहे. त्यांत तिलकालक, मषक, न्यच्छ व जतुमणी हे त्वचेवरील डाग येतात. तिलकालक म्हणजे काळा, तिळाएवढा, वेदनारहित, त्वचेच्या पातळीत राहणारा ठिपका. मषक हा उडदासारखा व उंच. जतुमणी हा जन्मजात, गुळगुळीत, किंचित तांबूस व थोडासा वर आलेला. 'जतु' म्हणजे लाख. ही नावे लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तीळ, उडीद व लाख या घरातील परिचित वस्तूंवरून ती बनलेली आहेत. ती केवळ रूप सांगतात. रुग्णाचे पुढे काय होणार याविषयी ती मौन पाळतात.

पुढे काय होणार हे सांगण्यासाठी आयुर्वेदाने स्वतंत्र परिभाषा घडविली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व अनुपक्रम असे वर्ग केलेले आहेत. सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, बरा न होता उपचाराने केवळ आवरून धरता येणारा आणि ज्यावर उपचारच चालत नाही असा, ही ती चतुर्विध विभागणी होय. एकच व्याधी रुग्णाच्या वयानुसार, बलानुसार व व्याधीच्या अवस्थेनुसार निरनिराळ्या वर्गांत पडू शकते. रोगाचे नाव एका बाजूस व त्याची साध्यासाध्यता दुसऱ्या बाजूस, अशी ही रचना आहे.

यावरून प्राचीन वैद्यांना मेलॅनोमा अवगत होता असे सुचविणे हा अतिरेक होईल. सूक्ष्मदर्शक नसताना साधा तीळ व मारक अर्बुद यांतील भेद पेशींच्या आधारे करणे शक्य नव्हते. मुद्दा परिभाषेच्या घडणीचा आहे. रूपवाचक नाव व फलवाचक निर्णय वेगळे ठेवण्याची ही सवय पुढील इतिहासात कोठे सुटली व तिची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे आहे.

३

फ्रेंच वैद्य लेनेक याने १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या अर्बुदांचे स्वतंत्र रोग म्हणून विवेचन केले व त्यास 'मेलॅनोज' म्हटले. इंग्लंडमधील विल्यम नॉरिस याने १८२० साली एका रुग्णाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. 'मेलॅनोमा' हे नाव १८३८ साली रॉबर्ट कार्सवेल याने वापरले. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा. आणि '-ओमा' हा प्रत्यय वैद्यकात केवळ गाठीचा निर्देश करतो. चरबीची निरुपद्रवी गाठही 'लिपोमा'च असते. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'मेलॅनोमा' म्हणजे काळी गाठ, याहून अधिक काही नाही. परंतु रूढीने या शब्दास मृत्यूचा अर्थ चिकटला. त्यापूर्वी लावले जाणारे 'मॅलिग्नंट' हे विशेषण लॅटिनमध्ये दुष्ट स्वभावाचे द्योतक आहे. मराठी वैद्यकीय लेखनाने त्यासाठी 'मारक' हा शब्द स्वीकारला. लॅटिन शब्द स्वभाव सांगतो, मराठी शब्द परिणाम सांगतो. मराठी पर्याय अधिक स्पष्ट आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याचाही आहे.

मुलांच्या बाबतीत या नावाने पेच निर्माण केला. १९१० साली दारिए व सिवात या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी एका तान्ह्या मुलाच्या नाकावर वेगाने वाढलेल्या गाठीचे वर्णन केले. हा तीळ म्हणावा की तिळापासून झालेला कर्करोग, असा प्रश्नच त्यांनी लेखाच्या शीर्षकात ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठी प्रौढांच्या मारक मेलॅनोमासारख्या दिसत. प्रत्यक्षात बहुतेक मुले मात्र जगत. तरीही नाव मेलॅनोमाचे पडले की उपचार नावाला अनुसरून होत. ज्या मुलाला गाठ काढून टाकणे पुरेसे झाले असते, त्याच्यावर विस्तृत शस्त्रक्रिया होण्याचा संभव नावामुळेच वाढत असे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील विकृतिवैज्ञानिक सोफी स्पिट्झ यांनी १९४८ साली या पेचाला हात घातला. बालपणात मेलॅनोमा ठरविलेल्या १३ मुलांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी एकच मूल रोग पसरून दगावले. सूक्ष्मदर्शकातील चित्र व रुग्णाचे प्रत्यक्ष भवितव्य यांत इतके अंतर असेल, तर हा वर्ग वेगळा मानला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी या गाठींना 'बाल-मेलॅनोमा' या अर्थाचे नाव दिले. नावातील मेलॅनोमा त्यांनी काढला नाही. त्याला केवळ वयाचे विशेषण जोडले.

या विशेषणाचा आधारही पुढे टिकला नाही. १९६० साली कर्नेन व ॲकरमन यांनी तशाच गाठी प्रौढांतही आढळतात हे दाखविले व पेशींच्या आकारावरून तिळाच्या वर्गातील नाव सुचविले. स्पिट्झ १९५६ साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानेच निधन पावल्या होत्या. पुढे त्या गाठींना त्यांचेच नाव मिळाले व 'स्पिट्झचा तीळ' ही संज्ञा रूढ झाली. अशा रीतीने पन्नासएक वर्षांच्या अवधीत एकाच वस्तूचे नाव कर्करोगाकडून तिळाकडे सरकले.

परंतु नाव सौम्य झाले म्हणून प्रश्न सुटला असे नव्हे. ज्या तेरा मुलांवरून हा विचार सुरू झाला, त्यांतील एक मूल मरण पावले होते, ही गोष्ट नव्या नावाने झाकली गेली. पुढील दशकांत स्पिट्झचा तीळ म्हणून निश्चिंतपणे सोडून दिलेल्या काही गाठी प्रत्यक्षात मेलॅनोमा असल्याचे रोग पसरल्यावर उघडकीस आले. पूर्वी निरुपद्रवी गाठीस मारक म्हटले जाई. आता क्वचित मारक गाठीस निरुपद्रवी म्हटले जाऊ लागले. पहिल्या चुकीने मुलाच्या शरीरावर अनावश्यक घाव होत. दुसरीने प्राण जात.

४

नावावर विसंबता येत नाही असे दिसल्यावर मापनाचा मार्ग पुढे आला. वॉलेस क्लार्क यांनी १९६९ साली अर्बुद त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरले आहे यावरून पाच पायऱ्या ठरविल्या. पुढच्याच वर्षी ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी अर्बुदाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजण्याची साधी रीत सांगितली. प्रौढांमध्ये ब्रेस्लोची जाडी भवितव्याची सर्वांत विश्वसनीय खूण ठरली व आजही रोगाच्या अवस्था ठरविताना ती, आणि गाठीवर व्रण पडला आहे की नाही ही बाब, प्रथम पाहिली जाते.

मुलांमध्ये या मापाचा अर्थ तितका सरळ राहत नाही. मुलाची त्वचा प्रौढाच्या त्वचेहून पातळ असते. त्यामुळे एकच आकडा दोघांत सारखी खोली दर्शवीत नाही. शिवाय स्पिट्झच्या वर्गातील गाठी चांगल्या जाड असूनही निरुपद्रवी असू शकतात. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली प्रहरी लसीकाग्रंथी शोधून तपासण्याची पद्धत मांडली, तेव्हा मुलांतील संदिग्ध गाठींचा निवाडा तिने होईल अशी आशा निर्माण झाली. तीही फोल ठरली. २०१४ साली अशा संदिग्ध गाठींच्या ५०० हून अधिक रुग्णांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. ज्यांची ग्रंथी तपासली होती, त्यांपैकी सुमारे चार दशांश रुग्णांच्या ग्रंथीत अर्बुदाच्या पेशी सापडल्या. आणि तरीही जवळजवळ सर्व रुग्ण जिवंत राहिले. प्रौढात जी खूण अनिष्टाची, तीच येथे फारसे काही सांगत नव्हती.

बाह्य लक्षणांच्या बाबतीतही असेच घडले. गाठीची विषमता, कडांची अनियमितता, रंगांची विविधता व सहा मिलिमीटरहून अधिक व्यास ही चार लक्षणे १९८५ पासून प्रौढांच्या निदानासाठी शिकविली जातात. २०१३ साली अमेरिकेत वीस वर्षांपर्यंतच्या ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६० टक्के व त्यापुढील वयाच्या मुलांपैकी ४० टक्के रुग्णांत ही लक्षणे जुळत नव्हती. मुलांमधील गाठ पुष्कळदा एकाच रंगाची, उंच, रक्त येणारी व रंगहीन अथवा तांबूस असते. ज्या रोगाच्या नावातच काळेपणा आहे, तो मुलाच्या त्वचेवर काळा असेलच असे नाही. नावावर भरवसा ठेवून काळा डाग शोधणारा वैद्य येथे फसतो.

या अपयशांतून हळूहळू एक गोष्ट निष्पन्न झाली : 'मुलांमधील मेलॅनोमा' हा एक रोगच नाही. त्यात निदान तीन प्रकार एकत्र आले आहेत. स्पिट्झसदृश प्रकार यौवनापूर्वी अधिक आढळतो, ग्रंथीपर्यंत जातो, पण क्वचितच मारतो. प्रौढांसारखा प्रकार बहुधा कुमारवयात दिसतो व प्रौढांप्रमाणेच वागतो. त्यात जाडीचे माप उपयोगी पडते. जन्मजात अतिविशाल लाशापासून उद्भवणारा प्रकार पुष्कळदा पहिल्या काही वर्षांतच उपटतो व तिन्हींत तोच अधिक घातक ठरतो. प्रौढ वयात २० सेंटिमीटरहून मोठा होईल अशा लाशाला अतिविशाल म्हणतात. लहान लाशाचा धोका अत्यल्प असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पिट्झसदृश गाठींचे ५६ रुग्ण तपासले गेले. ज्या चौघांच्या गाठीत टर्ट नावाच्या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल आढळला, त्या चौघांतही रोग रक्तावाटे पसरून मृत्यू आला. ज्यांची प्रकृती चांगली राहिली त्यांच्यात हा बदल नव्हता. चार ही संख्या लहान आहे, परंतु सूक्ष्मदर्शकाला न दिसलेला भेद येथे स्पष्ट झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणाने साधा तीळ व मेलॅनोमा यांच्यामध्ये एक मधला वर्ग मान्य केला. चरकाच्या चतुर्विध विभागणीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. 'कृच्छ्रसाध्य' व 'याप्य' हे शब्द व्याधीविषयी व उपचाराविषयी विधान करतात. 'ज्याच्या मारकतेविषयी अनिश्चितता आहे असे अर्बुद' ही या मधल्या पट्ट्यासाठी वापरली जाणारी संज्ञा मात्र पाहणाऱ्याच्या ज्ञानाविषयी विधान करते. अनिश्चितता गाठीत नसते. ती वैद्याच्या जवळ असते. हा फरक आईबापांना समजावून दिला नाही, तर 'अनिश्चित' या शब्दाचा अर्थ ते 'अर्धामुर्धा कर्करोग' असा करून घेतात.

५

गोरेगावातील एखाद्या मुलाविषयी असे भाकीत करावयाचे झाल्यास कोणते आकडे हाताशी येतात, हा प्रश्न आता विचारता येईल. मुंबईत या प्रश्नाची साधने परळ भागात उभी राहिली. के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली, वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ साली आणि टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. पुढे १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणारे हेच विकृतिवैज्ञानिक होत. कर्करोग लोकांच्या चालीरीतींशी कसा निगडित असतो हे त्यांनी दाखविले. धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे १९४५ सालचे वर्णन प्रसिद्ध आहे. युरोपीय ग्रंथांतील त्वचेचा कर्करोग प्रामुख्याने उन्हाशी जोडलेला होता. येथे त्याचा संबंध वस्त्राशीही निघाला. परक्या देशातील कारणमीमांसा जशीच्या तशी उचलता येत नाही, हा धडा त्यात होता.

रुग्णालयातील नोंदींवरून मात्र रोगाचे प्रमाण काढता येत नाही, कारण परळला रुग्ण देशभरातून येतात. त्यासाठी वस्तीवर आधारलेली नोंदणी हवी. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली नोंदणी होय. बृहन्मुंबईत निदान एक वर्ष राहिलेल्या रुग्णाचीच तीत गणना होते, मग उपचार कोठेही होवोत. येथे गोरेगावचा संबंध येतो. १९५० साली शहराची हद्द अंधेरीच्या बाजूस वाढली, तेव्हाही गोरेगाव तिच्या बाहेरच होते. १९५७ च्या विस्ताराने हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली व गोरेगाव आत आले. त्यामुळे सहा वर्षांनी नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवसापासून गोरेगावचे मूल या गणनेत धरले गेले. प्रशासकीय सीमारेषा व वैद्यकीय ज्ञान यांचा संबंध सहसा लक्षात येत नाही. पण कोणाचा मृत्यू कोणत्या कोष्टकात मोजला जातो, हे सीमेवरच अवलंबून असते.

या नोंदणीने एक गोष्ट निर्विवादपणे दाखविली : मुंबईत त्वचेचा मेलॅनोमा दुर्मिळ आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाकाठी लाखात तीसहून अधिक लोकांना तो होतो; मुंबईत हे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. मुलांपुरते पाहिल्यास ते आणखी घटते. उदाहरणादाखल दहा लाख मुलांत वर्षाला एक रुग्ण, असे गृहीत धरले, तर चाळीस लाख मुलांच्या शहरात वर्षाला चार रुग्ण होतील. त्यांची वर सांगितलेल्या तीन प्रकारांत व दोन वयोगटांत विभागणी केली, की एकेका घरात वर्षाकाठी एकही रुग्ण उरणार नाही. अशा कोष्टकावरून टक्केवारी काढणे म्हणजे रिकाम्या घरांना भागणे होय. परिणामी गोरेगावच्या मुलाचे भाकीत अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथील मुलांच्या आकड्यांवरून करावे लागते.

यातील काय उसने घेता येते व काय येत नाही, याचा विवेक आवश्यक आहे. अर्बुदाचा प्रकार, यौवनापूर्वीचे की नंतरचे वय, रोग दूरवर पसरला आहे की नाही, या बाबी त्वचेच्या वर्णावर फारशा अवलंबून नाहीत. जागच्या जागी असताना काढलेल्या अर्बुदाच्या बाबतीत पाच वर्षे जगणाऱ्या मुलांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत नव्वद टक्क्यांहून अधिक आहे, आणि वेळीच निदान झाल्यास येथेही तसे न व्हावे याचे कारण नाही. 'वेळीच' या शब्दापाशी मात्र उसनवारी अडते. भारतीयांतील मेलॅनोमा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तेथे त्याला कुरूप किंवा भोवरी समजून कापले, जाळले, बांधले जाते. उन्हाने भाजणे, गोरी त्वचा, तांबूस केस ही तिकडील धोक्याची लक्षणे येथे विचारून उपयोग होत नाही.

उलट येथे वेगळा प्रश्न विचारावा लागतो. झिरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक विकारात उन्हाने झालेली जनुकीय हानी भरून काढण्याची पेशींची शक्ती क्षीण असते. हा दोष १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखविला. अशा मुलांना त्वचेचे कर्करोग, त्यांत मेलॅनोमाही, पहिल्या दशकातच होऊ शकतात. आईबाप दोघांकडूनही दोष आला तरच हा विकार प्रकटतो. म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्यामधील संक्रमणप्रदेश ठरविला आहे; मामेबहिणीशी विवाह येथील अनेक समाजांत संमत आहे. 'नात्यात लग्न झाले आहे काय' या मोघम प्रश्नापेक्षा 'मुलाची आई त्याच्या वडिलांची मामेबहीण आहे काय' असे विचारल्यास नेमके उत्तर मिळते. मराठीतील आप्तवाचक शब्द येथे वैद्यकीय माहितीच वाहून आणतात.

शेवटची अडचण पाठपुराव्याची. भाकितासाठी रुग्ण पुढे जगला की नाही हे कळावे लागते. कुटुंब भाड्याची खोली सोडून विरारला जाते, किंवा कोकणात गावी परतते. धाडलेले पत्र परत येते. अपुऱ्या कालावधीपर्यंत माहीत असलेल्या रुग्णांचा हिशेब कसा करावा, याची रीत कॅप्लन व मायर यांनी १९५८ साली सांगितली व ती आजही वापरली जाते. तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की, दृष्टीआड झालेल्या रुग्णांचे नशीब दृष्टीसमोर राहिलेल्यांसारखेच असते. प्रकृती ढासळली म्हणूनच जर कुटुंब गावी परतले असेल, तर हे गृहीत कोसळते व कोष्टकातील आकडा वस्तुस्थितीहून उजळ दिसू लागतो.

६

या इतिहासाचा निष्कर्ष निराशेचा नाही. उपचारही बदलले आहेत. प्रतिकारशक्तीला चालना देणारे इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत २०११ साली प्रौढांसाठी व २०१७ साली बारा वर्षांवरील मुलांसाठी मान्य झाले. त्यामुळे पसरलेल्या रोगाविषयीची जुनी कोष्टके आज तशीच वाचणे चुकीचे ठरेल. अर्थात अशा औषधांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतो, आणि भाकितात तोही एक घटक आहे, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष आहे तो भाषेच्या शिस्तीचा. टक्केवारी समूहाविषयी बोलते. आईबाप विचारतात ते एका मुलाविषयी. या दोहोंमधील अंतर कोणत्याही मापाने पुरते भरून निघत नाही; ते बोलून दाखवावे लागते. गाठ कशी दिसते, ती कोणत्या प्रकारची आहे, अशा गाठींचे अन्यत्र काय झाले, आणि ते अनुभव या मुलाला कितपत लागू पडतात, ही चार विधाने स्वतंत्रपणे केली पाहिजेत. एकाच नावात ती कोंबली गेली, तेव्हा कधी निरोगी मुलांवर शस्त्र चालले, तर कधी आजारी मूल घरी धाडले गेले. सोफी स्पिट्झ यांचे मोठेपण त्यांनी सुचविलेल्या नावात नाही, कारण ते टिकले नाही. सूक्ष्मदर्शकातील चित्राशी न जुळणारी बारा जिवंत मुले त्यांनी मोजली, आणि तेरावे मूलही लेखातून गाळले नाही, यात ते आहे. गोरेगावच्या मुलासाठी मुंबईच्या नोंदणीकडूनही याच प्रामाणिक मोजणीची अपेक्षा आहे.